आजोबांची पेटी घरात, नातीला हवा तबला

इचलकरंजीच्या एका आईनं विचारलेला प्रश्न असा आहे. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत. घरात आजोबांची जुनी पेटी आहे, म्हणून तिनं पेटी शिकावी असं सासूबाईंना वाटतं. वडिलांचं म्हणणं कीबोर्ड, कारण शाळेच्या गॅदरिंगमध्ये तोच दिसतो. मुलगी मात्र विठ्ठलमंदिरातलं एकादशीचं भजन ऐकून आल्यापासून तबला एके तबला म्हणते आहे. ‘मुलीला कशाला तबला’ असं म्हणणारे नातेवाईकही आहेतच. मुलं वाद्य निवडतात ती नेमकी कशावरून, आणि एवढ्याशा मुलीच्या निवडीला किती मानायचं, असं त्या आईनं विचारलं आहे.

ताई, मी मिरजेत सतार शिकवते. वर्ग सुरू करून अठ्ठावीस वर्षं झाली. आमच्याकडे सतारीखेरीज तबला, पेटी, बासरी, व्हायोलिन आणि अलीकडे कीबोर्डही शिकवतात. प्रत्येकाचे शिक्षक वेगळे आहेत, पण नव्यानं येणाऱ्या मुलाशी आणि त्याच्या आईवडिलांशी पहिलं बोलणं मीच करते. आणि एखादं मूल यायचं बंद झालं की घरी फोनही मीच करते. त्यामुळे मुलं काय म्हणत येतात आणि काय म्हणून सोडतात, हे दोन्ही मी इतकी वर्षं ऐकत आले आहे.

थोडक्यात उत्तर आधी देते. मूल कोणतं वाद्य शिकायला येतं, हे बहुतेक वेळा आसपास काय आहे त्यावर ठरतं. घरात काय पडलेलं आहे, चालत जाण्याच्या अंतरावर कोण शिकवतं, मैत्रीण कुठल्या वर्गाला जाते, एवढ्यावरच. पण दुसऱ्या वर्षी ते मूल त्या वाद्यापाशी बसलेलं असेल का, हे त्या वाद्याचा आवाज त्याला स्वतःला किती हवासा वाटतो त्यावर ठरतं. तुमच्या मुलीनं आवाज ऐकून निवड केली आहे. म्हणून मी तिच्या बाजूची आहे. आता सविस्तर सांगते.

आमच्या मिरजेचंच बघा. इथल्या सतारमेकर मंडळींची परंपरा एकोणिसाव्या शतकातली. हत्यारांचं काम करणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब तंतुवाद्यं बनवू लागले आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या ते काम चालू राहिलं. पंढरपूरकडून आलेले मोठाले भोपळे आजही दुकानांत टांगलेले दिसतात. इथल्या तंबोऱ्यावर देशभरचे मोठमोठे गवई गायले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. मग मिरजेतली मुलं सतारीसाठी रांग लावत असतील असं वाटेल. तसं होत नाही. माझ्याकडे दहा मुलं चौकशीला आली तर सतार म्हणणारं एखादंच असतं.

याचा मी खूप विचार केला आहे. वाद्य तयार होताना दिसणं वेगळं आणि वाजताना ऐकू येणं वेगळं. त्या दुकानांवरून शाळेला जाणाऱ्या मुलाला भोपळा दिसतो, तासलेला दांडा दिसतो, तारा लावताना कारागीर दिसतो. आपल्याएवढं कुणी ती वाजवतंय, हे त्याला दिसत नाही. तयार झालेली सतार खोक्यात बसून पुण्या-मुंबईला, परदेशाला निघून जाते. दर्ग्यातल्या उरुसात थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ जो संगीत महोत्सव होतो, तिथे ज्या मुलांना आईवडील हौसेनं घेऊन बसतात, त्यांच्यातलंच कुणीतरी पुढच्या महिन्यात सतार विचारत येतं. माझी निम्मीअधिक विद्यार्थी मुलं अशीच आलेली आहेत.

हे सगळीकडे खरं आहे. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. म्हणून तिथल्या खेड्यापाड्यांतल्या मुलांच्या हाती व्हायोलिनचा गज आला आणि पुढे मुंबईच्या हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोव्याचे वादक भरले. अँथनी गोन्साल्विस त्यांच्यातलेच. आळंदीला वारकरी शिक्षण घेणाऱ्या मुलांमध्ये पखवाज घेणारी मुलं भरपूर, कारण रोजच्या हरिपाठाला तो कानावर असतो. सिंधुदुर्गात डबलबारीच्या, म्हणजे दोन मंडळांच्या सामन्याच्या, भजनांना रात्र रात्र जागणारी मुलं पखवाज किंवा पेटी मागतात. त्या मुलांना कुणी ‘तुला कोणतं वाद्य आवडतं’ असं विचारलेलं नसतं. गावात जे वाजतं ते त्यांच्या अंगात भिनलेलं असतं.

आसपासच्या या प्रभावाची एक दुखरी बाजूही आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आपल्याकडे वाद्य पुष्कळदा जन्मानं ठरलेलं असे. सनई घडशी-गुरवांची, संबळ गोंधळ्यांचं, हलगी मातंगांची. ज्यांच्या वाट्याला ती वाद्यं आली त्यांनी ती जिवापाड वाजवली, पण त्यांना मान कमी मिळाला. म्हणून त्यांच्यातल्या कित्येकांनी मुलांच्या हाती ती दिली नाहीत, आणि इतरांनी ती कधी मागितलीच नाहीत. बिस्मिल्ला खाँसाहेबांना २००१ साली भारतरत्न मिळालं. लग्नघरी पहाटे सनईची ध्वनिफीत लागल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. तरी अठ्ठावीस वर्षांत माझ्याकडे सनई शिकायला फक्त दोन मुलं आली. आम्ही त्यांना शिक्षक देऊ शकलो नाही. जिल्ह्यात शोध घेतला, जे वाजवणारे होते ते लग्नसराईत फिरतीवर. त्या दोघांपैकी एकानं बासरी धरली, दुसरा परत आला नाही. मुलाला एखादं वाद्य ‘आपलं नव्हे’ असं का वाटतं याच्या मागे असं बरंच काही असतं, आणि ते मुलाला कुणी शब्दांत सांगितलेलंही नसतं.

आता घरातल्या वाद्याबद्दल. तुमच्याकडे पेटी आहे, आणि महाराष्ट्रात ती हजारो घरांत आहे. भजनी मंडळ, कीर्तन, नाट्यगीतं, घरची आरती, सगळीकडे पेटीचं काम पडतं. ती मुळात युरोपातून आली, तिच्यावर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, घेता येत नाही, स्वर ठरावीक, म्हणून जाणकारांनी तिला नावं ठेवली. रेडिओनं १९४० साली तिच्यावर बंदी घातली, ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. या तीस वर्षांत घराघरांतली पेटी मात्र कुणी माळ्यावर टाकली नाही. गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, पुढे तुळशीदास बोरकर, अप्पा जळगावकर अशा वादकांनी तिला जी उंची दिली ती बंदीच्या आधीही आणि नंतरही. तेव्हा घरी पेटी आहे हे तुमच्या मुलीचं भाग्यच आहे. पण ‘घरात आहे म्हणून तीच शिक’ हा आग्रह मला पटत नाही.

एक व्यावहारिक कारण आधी सांगते. घरची जुनी पेटी बहुधा नादुरुस्त असते. भात्याला बारीक भोक असतं, दोन-चार सूर बसलेले असतात, एखादी पट्टी दाबली की वर येत नाही. मोठ्या माणसाला ते सवयीचं झालेलं असतं. मुलाला मात्र वाटतं की आपल्यालाच वाजवता येत नाही. माझ्या वर्गात पेटी सोडलेल्या मुलांत अशी बरीच होती की ज्यांच्या घरचा भाता हवाच धरत नव्हता. वर्गात छान वाजायचं, घरी बसवेना. पेटी दुरुस्त करून घेतल्यावर त्यातली काही परत आली.

दुसरं कारण मनातलं आहे. आजोबांची पेटी म्हटली की तिच्याबरोबर आजोबांची गाणी, त्यांची पद्धत, त्यांचं ‘असं नाही, असं’ हेही येतं. काही मुलांना ते आवडतं. काहींना स्वतःचं काहीतरी हवं असतं, ज्यात घरातलं कुणी त्यांच्यापेक्षा पुढे नाही. तबला मागणाऱ्या मुलीत मला ही गोष्ट थोडी दिसते. तिच्या घरात तबला कुणालाच येत नाही ना?

मुलं ज्याच्या मागे जातात अशा आणखी काही गोष्टी आहेत, पण त्या हंगामी. गणपती झाले की आमच्याकडे तबल्याची आणि ढोलाची चौकशी वाढते. टीव्हीवर गाण्याची स्पर्धा रंगात आली की गिटार आणि कीबोर्ड. झाकीरभाईंची, म्हणजे तबलावादक झाकीर हुसेन यांची, ताजमहाल चहाची जाहिरात पाहून तबला धरलेली एक अख्खी पिढी आता चाळिशीत आहे आणि आपल्या मुलांना घेऊन माझ्या वर्गात येते. डिसेंबर २०२४ मध्ये झाकीरभाई गेले, त्यानंतरच्या आठवड्यात जितके फोन आले तितके मी एका आठवड्यात कधी घेतले नव्हते. त्यातली किती मुलं आज तबल्यावर आहेत, असं विचाराल तर थोडी. पण जी आहेत त्यांच्यात दोन मुलं अशी आहेत की ती त्या आठवड्यात आली नसती तर मला फार वाईट वाटलं असतं. एखादा मोठा कलाकार दारापर्यंत आणून सोडतो, हे पुष्कळ झालं. पुढे मुलाला रोज स्वतःच्याच हातचं ऐकायचं असतं.

मैत्रीण हे कारण वरवर फुटकळ वाटतं, पण त्याला कमी लेखू नका. दोघी मिळून येतात आणि दोघी मिळून सोडतात. मी आता एकाच वेळी आलेल्या मैत्रिणींना शक्यतो एका तुकडीत, पण जमल्यास वेगवेगळ्या वाद्यांवर ठेवते. एक बासरी, एक तबला. मग एकीवाचून दुसरीचं अडतं आणि दोघी येत राहतात.

आता ‘मुलीला कशाला तबला’. याचं उत्तर मी नुसतं ‘जग बदललंय’ म्हणून देणार नाही, कारण ज्यांना हे वाटतं त्यांना तेवढ्यानं पटत नाही. अमेरिकेत १९७८ साली एबल्स आणि पोर्टर या दोन अभ्यासकांनी एक संशोधन प्रसिद्ध केलं. कोणती वाद्यं मुलींची आणि कोणती मुलांची असं लोकांना वाटतं, हे त्यांनी तपासलं. तिथे बासरी, व्हायोलिन, क्लॅरिनेट ही मुलींची ठरली आणि ड्रम, ट्रॉम्बोन, ट्रम्पेट मुलांची. म्हणजे तिथल्या एखाद्या मुलानं बासरी मागितली तर घरचे विचारत असतील, ‘मुलाला कशाला बासरी?’ आणि आपल्याकडे बासरी कुणाची, तर कृष्णाची. आमच्या बासरीच्या वर्गात मुलगेच जास्त. बासरी तीच, फुंकर तीच. मग वाद्यात बाईपण किंवा पुरुषपण कुठून आलं? ते आपण चिकटवलेलं आहे. मुंबईच्या आबान मिस्त्रींनी ज्या काळात मैफलीत स्वतंत्र तबलावादन केलं, त्या काळात बाईचा तबला ही ऐकिवात नसलेली गोष्ट होती. आज पुण्याच्या ढोलपथकांत कमरेला ढोल बांधून उभ्या राहणाऱ्या मुलींकडे बघा. तो ढोल तबल्याच्या कितीतरी पट जड असतो. तुमच्या नातेवाइकांना त्या मुली गणपतीत कौतुकाच्या वाटत असतील, तर घरची मुलगी तबल्यावर बसलेली का वाटू नये?

शरीराचा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो मुलगा-मुलगी असा नसून मापाचा आहे. नऊ वर्षांच्या मुलाच्या हाती तीस इंची बासरी दिली तर बोटं भोकांवर पोचत नाहीत, हवा निसटते, मूल रडकुंडीला येतं. त्यानं लहान, चढ्या स्वराच्या बासरीवर सुरुवात करायची असते. व्हायोलिन अर्ध्या, पाऊण मापाचं मिळतं आणि मुलाच्या हाताच्या लांबीवरून ते ठरवतात. सतार पूर्ण मापाची असेल तर लहान मुलाला भोपळा आणि दांडा सांभाळताना दांड्यावरचे पडदे दिसतही नाहीत, म्हणून मी दहाच्या आत फक्त लहान सतार देते. डावखुऱ्या मुलाचं आधी विचारून घ्यावं. तबला-डग्ग्याची अदलाबदल करून बसता येतं, सतारीला मात्र तारांची सगळी मांडणीच उलटी करावी लागते. तबल्याला नऊ हे वय उत्तम. बोटांत ताकद आलेली असते आणि मांडी घालून अर्धा तास बसवतं.

याच्या पुढचा प्रश्न आईवडील विचारत नाहीत, पण मुलाच्या दृष्टीनं तोच सर्वात मोठा. पहिल्या सहा महिन्यांत वाद्य त्याला काय परत देतं? पेटीची पट्टी दाबली, भाता हलवला की पहिल्याच दिवशी स्वच्छ ‘सा’ येतो. पंधरा दिवसांत आरतीची चाल बसते. कीबोर्डही तसाच. बासरीत पहिले काही दिवस नुसती हवा जाते आणि गरगरतं. व्हायोलिन कर्कश ओरडतं आणि घरातली माणसं दार लावून घेतात, ते मुलाला कळतं. सतारीनं डाव्या हाताच्या बोटांवर चरे पडतात, तार रुतते, रक्तही येतं कधी. तबल्याचा ‘ना’ कित्येक आठवडे लाकडावर टिचकी मारल्यासारखा वाजतो आणि मग एक दिवस अचानक घुमतो. तो पहिला घुमलेला ‘ना’ ऐकतानाचा मुलाचा चेहरा मी दुसऱ्या खोलीतून बघायला जाते. आमच्या तबल्याच्या सरांनी हाक मारली की मी समजते.

म्हणजे ज्या वाद्यात लगेच सुख आहे तिथे मुलं जास्त येतात, आणि हे गैर नाही. पण उशिरा सुख देणाऱ्या वाद्यात मूल तग धरेल का, हे त्याला तो आवाज किती हवा आहे त्यावर ठरतं. बोट कापलं तरी सतारीचाच आवाज हवा असलेली मुलगी मी पाहिली आहे. तिनं बोटाला पट्टी लावून रियाज केला, मी नको म्हणत असताना. आणि पेटीवर दोन महिन्यांत चार गाणी वाजवून दाखवणारा मुलगा तिसऱ्या महिन्यात कंटाळून गेलेलाही पाहिला आहे. त्याला गाणी वाजवायची हौस होती. पेटीचा आवाज त्याला कधी आवडलाच नव्हता.

हे मला सुरुवातीला कळत नव्हतं. वर्ग सुरू केल्यावर तिसऱ्या-चौथ्या वर्षी एक आठ वर्षांचा मुलगा तबला मागत आला. तबल्याची तुकडी भरलेली, सतारीला दोनच मुलं. मी त्याच्या वडिलांना समजावलं की मुलगा हुशार आहे, बोटं लांब आहेत, सतारीला उत्तम. बोटांबद्दल माझं चुकलं नव्हतं. तो भराभर शिकला, दीड वर्षात त्यानं दोन रागांतल्या गती, म्हणजे सतारीवरच्या बांधलेल्या रचना, छान बसवल्या. पण गत वाजवताना तो तारेकडे बघायचाच नाही, मान वळवून शेजारच्या खोलीतला तबला ऐकत बसायचा आणि मांडीवर बोटं आपटायचा. मी त्याला रागावले होते त्याबद्दल. परीक्षा देऊन झाल्यावर तो आला नाही, सतारही विकली, आणि संगीत पुन्हा धरलं नाही. जागा भरायच्या नादात मी त्या मुलाचं वाद्य त्याच्यापासून काढून घेतलं. हे लिहितानाही मला त्याचं वाईट वाटतं.

त्यानंतर मी एक पद्धत सुरू केली, ती तुम्हीही घरी करू शकता. प्रवेशाच्या दिवशी मुलाला मधल्या खोलीत डोळे मिटून बसवतो. पडद्यामागे आमचे शिक्षक एकामागून एक वाजवतात. सतार, बासरी, पेटी, व्हायोलिन यांवर भूप रागाची एकच साधी ओळ, आणि तबल्यावर तीनतालाचा ठेका. प्रत्येकी मिनिटभर. मग विचारते, ‘यातलं कुठलं पुन्हा ऐकायचंय?’ ‘आवडलं का’ असं विचारलं की मूल आईच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर देतं. ‘पुन्हा कुठलं ऐकायचं’ म्हटलं की खरं बोलतं. आणि मी बोलण्यापेक्षा त्याच्या अंगाकडे लक्ष देते. कुठल्या आवाजाला मान थांबते, कुठल्या आवाजाला बोटं हलतात. पुढे मला कळलं की अमेरिकेतले संगीतशिक्षणाचे अभ्यासक एडविन गॉर्डन यांनी १९८४ साली याच धर्तीची चाचणी तयार केली होती. एकच धून वेगवेगळ्या आवाजांत ऐकवायची आणि मुलाचा कल कुठल्या आवाजाकडे जातो ते पाहायचं. मी केलं ते काही नवीन नव्हतं, पण एवढी मोठी माणसंही याच वाटेनं गेली हे कळून धीर आला.

घरी करताना मोबाईलच्या छोट्या स्पीकरवर ऐकवू नका. त्यावर डग्ग्याचा घुमारा ऐकूच येत नाही आणि सतारीची तरफ, म्हणजे खालच्या आपोआप झंकारणाऱ्या तारा, तर अजिबात नाही. जवळच्या एखाद्या वर्गात, मंदिरात, कुणाच्या घरी, वाजवणाऱ्यापासून चार हातांवर बसवा. तबल्याला हात लावू द्या. पुडीवर, म्हणजे वरच्या चामड्यावर, नुसता तळवा ठेवून दुसऱ्यानं डग्गा वाजवला तरी त्याची थरथर मुलाला कळते.

पैशाचं आणि परीक्षेचं थोडक्यात सांगते, कारण पालक त्यातच अडकतात. सुरुवातीची बासरी काही शे रुपयांत येते, सतारीला पंधरा-वीस हजार तरी मोजावे लागतात, तबलाजोडी त्यांच्या मधली. पण तबल्याला पुढे पुडी बदलण्याचा खर्च आहे, हे आधीच धरून चाला. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारदपर्यंत आणि त्यापुढेही आहेत, दहावीला शास्त्रीय संगीताचे वाढीव गुणही मिळतात. त्यामुळे ‘कुठल्या वाद्याच्या परीक्षा लवकर होतात’ असं विचारत येणारे पालक वाढले आहेत. माझं त्यांना एकच सांगणं असतं, की परीक्षा सगळ्या वाद्यांच्या सारख्याच आहेत, मुलाचं मन जिथे लागतं तिथे त्या लवकर होतात. कीबोर्डबद्दल तुमच्या यजमानांना सांगा, त्यावर शिकण्यासारखं खूप आहे आणि मुलगी पुढे कधीही तो घेऊ शकेल. पण गॅदरिंग वर्षातून एकदा असतं आणि रियाज रोज.

निवड चुकली तर? चुकू द्या. सहा महिन्यांच्या आत बदलू नका, कारण तोवर वाद्यानं स्वतःचा आवाज दाखवलेलाच नसतो. वर्षभरानंतरही मूल वाद्याकडे स्वतःहून जात नसेल तर निःशंक बदला. लयीची जाण, बसण्याची सवय, कान, यातलं काही वाया जात नाही. तबल्याचं वर्ष केलेली मुलं सतारीला आली की मला अर्धं काम झालेलं मिळतं.

आता शेवटची एक गोष्ट, स्वभावाची. सतार एकट्यानं तासन्‌तास वाजवता येते. तबला शिकणाऱ्याला मात्र कुणीतरी लागतं. ठेका, कायदा, पलटे अशा बोलांच्या रचना घोकताना पाठीमागे नगमा, म्हणजे तालाच्या मापाची पुन्हा पुन्हा वाजणारी सुरांची ओळ, चालू असला की सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कळते, नाहीतर मूल नुसतं मोजत बसतं. पूर्वी घरोघरी पेटीवर नगमा धरणारं कुणी असे. आता मुलं मोबाईलवर लावतात. मोबाईलचा नगमा अचूक असतो, पण मूल अडखळलं की तो थांबत नाही, आणि सम साधली की मान डोलावत नाही.

तुमच्याकडे आजोबा आहेत आणि पेटी आहे. त्यांना तीनतालाचा नगमा माहीत असेलच, नसला तर सोळा मात्रांची एक ओळ आहे, तबल्याचे कुठलेही सर पंधरा मिनिटांत दाखवतील. सुरुवातीला अगदी संथ लयीत धरायचा. तेव्हा आधी पेटी दुरुस्तीला द्या. ती आली की काळी एक, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीचा स्वर, नीट लागते का ते आजोबांनाच बघायला सांगा, कारण जुन्या पेट्या उतरलेल्या असतात. मगच तबला घ्यायला जा. तोंड सव्वापाच ते साडेपाच इंचाचं असलं की त्या स्वरात बसतो. दुकानदाराला दोन-तीन तबले लावायला सांगा, मुलीला बरोबर न्या, आणि कुठला घ्यायचा ते तिला डोळे मिटून ऐकून ठरवू द्या. पेटीचा तो स्वर मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून नेलात तर मिळवून पाहता येईल. आजोबांना चालवत असेल तर त्यांनाही न्या.